बाब क्रमांक नऊ

केंटकीच्या डोंगरात, ब्रॅनम काउंटीच्या कोर्टहाऊसमध्ये
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सहाला
मी इतिवृत्त लिहायला बसते.
एकोणीस वर्षं.
कोण बोललं, कुणी अनुमोदन दिलं, किती विरुद्ध किती.
कोण रडलं हे लिहायचं नसतं.

बाब आठ : लॉरेल ओढ्यावरचा पूल. मंजूर.
बाब नऊ : प्राणी निवारा, वार्षिक तरतूद,
अठ्ठावन्न हजार डॉलरवरून एकोणतीस.
खाण बंद झाली, कोळशाचा कर आटला,
आटलेल्या विहिरीत पोहरा किती वेळा सोडायचा,
असं काउंटीप्रमुख डेल्बर्ट स्टँपर म्हणाले.
माणूस वाईट नाही.
आकडे त्यांनी दोनदा तपासले होते, चष्मा लावून, काढून.
रुग्णवाहिका की कुत्री, तुम्हीच सांगा, म्हणाले.
कुणीच सांगितलं नाही.

मग ओपल रॅटलिफ उठली.
पायात गमबूट तसेच, अंगाला ब्लीचचा वास तसाच.
प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं; घड्याळ माझ्यापाशी.
वाटलं, गेल्या वर्षीसारखा हिशेब मांडेल :
बावीस पिंजरे, एकसष्ट कुत्री,
मांजरांची तर गणतीच नाही,
छप्पर गळतं, डॉक्टर उधारीवर येतो.

तिनं खिशातून चिठ्ठ्या काढल्या.
लोक रात्री येतात, फाटकाला बांधून जातात,
दोरीला कागद अडकवून.
कुणी ओहायोला निघालेलं असतं, कुणी इंडियानाला,
तिथल्या भाड्याच्या घरात कुत्रं चालत नाही.

"हिचं नाव बिस्किट. ढग गडगडले की पलंगाखाली जाते.
ओढू नका. आपणहून येते."

"हा चावत नाही. माझा नवरा खोटं सांगतो."

"सॉरी." नुसतंच.
पाठीमागे किराणाची यादी : अंडी, मीठ, डायपर.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं
आणि लगेच खोकला काढला.

चौथी चिठ्ठी काउंटीच्याच कागदावर होती,
वरचं बोधचिन्ह फाडून टाकलेलं.
"वय तेरा. उजव्या कानानं ऐकू येत नाही.
डावीकडून हाक मारा. बाबा तसंच करायचे."

अक्षर मला खुर्चीतून दिसत नव्हतं.
दिसायची गरज नव्हती.

बाबा फेब्रुवारीत गेले.
म्हातारपणी माणसाला कुत्रं विचारत नाही म्हणतात.
बाबांना त्यानंच तर विचारलं;
मी दुसऱ्या नोकरीवर असायचे.
नंतर तीन आठवडे तो त्यांच्या ट्रकखाली बसून होता,
वाडगा पुढे सरकवला की तोंड फिरवायचा.
घरात दम्याचा मुलगा, खिशात काय ते मलाच ठाऊक,
आणि एका रात्री शेवटचं वळण
मी गाडीचे दिवे मालवून घेतलं.

घड्याळात एक मिनिट वीस सेकंद उरले होते.
ओपलनं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.
म्हणजे तिला माहीत होतं.
"उरलेला वेळ त्यांचा," म्हणाली
आणि नुसती उभी राहिली.
हीटर घरघरत होता.
स्टँपरसाहेब टेबलावरची टाचणी सरळ करत होते,
पुन्हा पुन्हा, तीच टाचणी.

मतदान. तीन विरुद्ध दोन. कपात मंजूर.
छपराचे पत्रे रस्ते खात्यातून बघू, असं ते पुटपुटले,
पण माइक बंद करून.
बंद माइकचं इतिवृत्त होत नाही.

रात्री घरी टाइप केलं :
श्रीमती रॅटलिफ यांनी पत्रव्यवहार वाचून दाखवला.
नोंद घेण्यात आली.
वर सभासदांची पाच नावं, खाली सचिव म्हणून माझं,
त्यापुढे दर महिन्याचा तोच शब्द : उपस्थित.
त्या शब्दाशी जरा थांबले.
मग पुढे गेले, कारण एक बाब राहिली होती.

बाब दहा : आयत्या वेळचे विषय.
तो अजून आहे का, एवढं विचारायला
तीन मिनिटंही लागली नसती.

कुणी विषय मांडला नाही.